यंदा शनीला कडं नाही

हट्टा, ता. वसमत
४ जानेवारी २०२६

चि. प्रज्ञेश यास अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. दत्तजयंतीच्या आत लिहायचं ठरवलं होतं. मग खोकला झाला, मग चष्म्याची काडी मोडली, ती वसमतहून बसवून आणेपर्यंत पौष लागला. तुझी काकू म्हणते, चष्म्यावाचून पंचांग तर रोज वाचत होतात. तिला काय सांगायचं. पंचांग मला अंदाजानंही वाचता येतं, पत्राचं तसं नाही. माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही शेवटची परीक्षा न देता. चुका पोटात घाल.

फोनवर बोललो असतो. पण माझ्या फोनवरून तुझा नंबर लागत नाही आणि काकूच्या फोनवरून लागतो. तिच्या फोनवरून बोलायचं मला जमलं नाही. म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर हे टाकत आहे. तिथं तुझं टपाल दुसरं कोणी फोडत नसेल अशी आशा आहे. पाकिटाला डिंक जास्त लावला आहे.

दुर्बिणीची काळजी करू नकोस. तिच्यावर मी जुनी सतरंजी टाकली आहे. वरच्या लहान नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, ते काडीनं काढलं. काढावं की नाही हे कळत नव्हतं. मोठ्या नळीच्या आत मात्र हात घातलेला नाही. गुरू सध्या दिवस मावळला की पूर्वेला दिसायला लागतो, फार तेजस्वी. तू आणि आमचा अनिरुद्ध गुरूचे फोटो काढायचात ते आठवतं. खुर्चीवर लॅपटॉप, त्याच्यावर दव पडू नये म्हणून काकूची छत्री. मी जरा इकडून तिकडे गेलो की अनिरुद्ध ओरडायचा, "बाबा, चालू नका, फोटो हलतो," आणि मी होतो तिथंच उभा राहायचो.

अनिरुद्ध आता हैदराबादेहून फक्त आईला फोन करतो. मी उचलला तर "आईकडे द्या" एवढंच म्हणतो.

आता त्या शनिवारचं. मार्गशीर्ष लागल्यावरचा पहिला शनिवार. गावातली माणसं मी शनी बघायला बोलावली होती. शनी दिसला, पण कडं दिसलं नाही. माणसं हसायला लागली, गडबड झाली आणि माझ्या तोंडून दोन शब्द जास्त गेले. तूही उशिरा आलास. वेळेवर असतास तर तूच सगळ्यांना समजावलं असतंस आणि पुढचं झालंच नसतं. तुला दोष देत नाही, कसं झालं ते फक्त लिहितो.

तू बदली मागून घेतलीस हे मला किसनरावांच्या खताच्या दुकानात कळलं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेलास, आई इथं एकटी. एवढ्यावरून एवढं करायला नको होतं असं मला वाटतं. मोठ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून द्यावं.

तुझा,
राधाकृष्णकाका


हट्टा
१४ जानेवारी, संक्रांत

चि. प्रज्ञेश यास आशीर्वाद.

सोबत तिळगूळ आहे. काकूनं केला आहे, मी नाही, तेव्हा खायला हरकत नसावी.

उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं तर म्हणतो, "महाराज, आजकाल लोकं कोर्टाच्या नोटिशीला बी उत्तर देत न्हाईत, तुमी काय घेऊन बसले." त्याला पत्र कोणाला ते सांगितलं नव्हतं, पण पाकिटावर नाव होतंच. आता गावात तोही विषय होईल.

मागचं पत्र टाकण्याआधी काकूला वाचून दाखवलं होतं. दोन शब्द जास्त गेले, इथं आलो तेव्हा ती म्हणाली, "दोनच का?" आणि भाकरी थापायला निघून गेली. म्हणून आता नीट लिहितो.

आमच्या ओसरीत शनीचा जो फोटो आहे, तुम्ही दोघांनी काढलेला, तो येणारा प्रत्येक माणूस बघतो. कोणाला साडेसाती असते, कोणाच्या मुलीचं लग्न अडलेलं असतं, ती माणसं माझ्याकडे पंचांग बघायला येतात. त्यांना मी सांगायचो, हा बघा खरा शनी, आमच्या परसातून काढलेला. फोटोत कडं कसं परातीच्या काठासारखं रुंद आहे. त्या फोटोमुळे माझ्या शब्दाला वजन आलं होतं हे मी मान्य करतो. मग मीच म्हणू लागलो, मार्गशीर्षात या, प्रत्यक्ष दर्शन घडवतो.

त्या दिवशी तू पांगऱ्याकडे कोणाच्या म्हशीच्या बाळंतपणात अडकला होतास. काकूनं दुर्बीण लावली. तुम्हाला चहा देता देता ती ते शिकली, मला येत नाही. पहिला डोळा किसनरावांनी लावला. बराच वेळ बघून म्हणाले, "महाराज, हे तं ज्वारीचं दाणं हाय नुसतं. कडं कुठंय?" दुसरा बघून म्हणाला, "शनीनं बी कडं गहाण ठिवलं वाटतं." मग एकेक जण बघायचा आणि हसत बाजूला व्हायचा. मला मोतीबिंदूचा त्रास, त्यामुळे मी स्वतः बघितलं नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवला.

तेवढ्यात परसाच्या मागच्या दारातून तू आलास. हात कोपरापर्यंत धुतलेले, पायात ते गुडघ्यापर्यंतचे बूट. आणि मी विचारलं, काच कुठं आहे. कारण असं की पावसाळ्यात दुर्बिणीतली ती मोठी काच तू पुण्याला नेली होतीस, तिचा मुलामा उडाला म्हणून नवा चढवायला, आणि दसऱ्यानंतर परत आणून बसवली होतीस. फोटो जुन्या काचेचा, त्यात कडं होतं. काच पुण्याला जाऊन आली आणि कडं गेलं. कोणाच्याही मनात हेच आलं असतं. ग्रहाचं कडं असं नाहीसं होतं हे मला कुठून कळणार? पंचांगात तसं काही दिलेलं नसतं.

आता आनंदाची गोष्ट. अनिरुद्धनं आईला फोनवर सांगितलं की काच घासताना पिंपावर आपटून तिच्या काठाला टवका उडाला होता. दुर्बिणीची काच घरीच तयार करायला तुम्ही दोघं रिकाम्या पिंपाभोवती गोल गोल फिरत काचेवर काच घासायचात, त्याच दिवसांतलं. काकूनं बॅटरी धरली आणि मी नळीत वाकून बघितलं. टवका आहे. म्हणजे काच तीच आहे. माझी खात्री पटली. मी लगेच किसनरावांना जाऊन सांगितलं की गैरसमज होता, काच सापडली.

तेव्हा आता मनात काही ठेवू नये. गुरूचे दिवस चालले आहेत.

तुझा,
राधाकृष्णकाका


हट्टा
३० जानेवारी

डॉ. प्रज्ञेश खिल्लारे यांस,

वर काय लिहावं यावर माझी सकाळ गेली. आशीर्वाद लिहायला हात धजला नाही. जयभीम लिहिलं असतं तर तुम्हाला नाटक वाटलं असतं आणि ते नाटकच झालं असतं. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

आणि डॉक्टर लिहिलं. सगळा गाव तुम्हाला डॉक्टर म्हणतो. मी तुमच्या दवाखान्यातल्या पट्टी बांधणाऱ्यालाही डॉक्टर म्हणतो. तुम्हाला मात्र "अरे प्रज्ञेश". अनिरुद्धचा मित्र, घरचा मुलगा, म्हणून असं मी मनाशी म्हणायचो. पण अनिरुद्धचा दुसरा मित्र वसमतला तलाठी आहे, त्याला मी पहिल्यापासून अहो म्हणतो. तो तुमच्याहून लहान आहे.

परवा गिरणीवर तुमच्या आई भेटल्या. जनकाबाईंशी मी आधी कधी थांबून बोललो नव्हतो. दळण ठेवलं आणि म्हणालो, "प्रज्ञेशला कळवा, काच सापडली म्हणून."

त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला. "हरवली कवा व्हती?"

मी म्हणालो, "तसं नाही, माझा गैरसमज झाला होता."

"गैरसमज तुमचा झाला महाराज, आन घर माझं रिकामं झालं." गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "तुमी बोलले काचंचं. लोकं आता म्हणून राहिले, दवाखान्यातलं औषध बी इकत आसंल. ज्याच्या गोठ्यात ह्यो पान्यापावसात गेला, त्येच लोकं. तुमाला काय, तुमी पंचांग उघडून बसले."

मी विचारलं, प्रज्ञेश माझी पत्रं वाचतो का. त्या म्हणाल्या, "वाचतो. फाडत न्हाई. मी म्हनलं फाड, तं म्हनला, ऱ्हाऊ दे, बघू कुठवर येतेत."

कुठवर येतात. हे ऐकल्यापासून माझं जेवणावर लक्ष नाही. म्हणजे तुम्ही वाट बघत आहात आणि तुम्हाला माहीत आहे की मी अजून पोचलेलो नाही.

तर मी काय बोललो ते लिहितो. मी नुसतं काच कुठं आहे असं विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, "काच कुठं विकलीस?" तुम्ही म्हणालात, "काका, काच तीच हाय." तेव्हा मी म्हणालो, "तुम्हा लोकांच्या हातात चांगली वस्तू दिली की तिचं हेच होतं."

तुम्हा लोकांच्या. पुढं मी कोणाला असंही सांगून पाहिलं की मला तुम्हा तरुण पोरांच्या असं म्हणायचं होतं. काकू तिथंच होती, तिनं माझ्याकडे बघितलं, तेव्हा ते सांगणं मी सोडून दिलं.

तुम्ही पुढं झालात. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण ठेवलंत, दव पडू नये म्हणून. मग मागचं दार ओढून घेतलंत. माझ्या डोळ्यांपुढून ते झाकण जात नाही. माझ्यासारखा माणूस लाथ मारून गेला असता.

एकदा तुम्ही काकूला समजावत होता, मी ओसरीतून ऐकत होतो. वरची हवा हलते म्हणून ग्रह पाण्यातल्या दिव्यासारखा थरथरतो. म्हणून एक फोटो काढून भागत नाही, हजारो काढायचे, हवा थांबलेली असताना आलेले तेवढे निवडायचे आणि एकावर एक रचायचे, मग त्यातून एक स्वच्छ फोटो निघतो. काकूनं विचारलं, "आणि बाकीचे?" तुम्ही म्हणालात, "टाकून द्यायचे, काकू. दया न्हाई करायची."

मला वाटलं, माणसाचंही तसंच करता येईल का. अनिरुद्धच्या मुंजीत तुम्हाला मी स्वतः जेवायला वाढलं होतं. तुम्हाला जनावरांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी पेढा घेतला होता. असे काही दिवस निघतील. तेवढे निवडून घ्यावेत आणि तो शनिवार टाकून द्यावा, अशी विनंती आहे.

राधाकृष्ण


हट्टा
९ फेब्रुवारी

डॉ. प्रज्ञेश यांस,

मागचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात परत मागायला गेलो. पिशवी निघून गेली होती.

निवडून घ्या असं जे लिहिलं ती लबाडी होती. फोटोत हलते ती हवा, ग्रह जागेवरच असतो, म्हणून तुम्हाला ते फोटो टाकून देता येतात. त्या शनिवारी हवा हलत नव्हती. आणि मुंजीत मी तुम्हाला वाढलं ते मांडवाच्या बाहेरच्या पंगतीत. हे तुम्हाला आठवत असणार आणि मी विसरलो असं तुम्हाला वाटलं असणार. विसरलो नव्हतो.

आता जे राहिलं आहे ते.

दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही परसात बसून फराळ करत होता. मी म्हणालो, मार्गशीर्षात माणसं बोलावतो आहे. तुम्ही म्हणालात, "काका, यंदा नका बोलावू. यंदा शनीला कडं न्हाई." मी हसलो. तेव्हा तुम्ही हातातली चिवड्याची ताटली रिकामी करून माझ्यापुढं धरली. आधी तिरपी धरली, "हे फोटोतलं कडं." मग हळूहळू फिरवून तिचा काठ माझ्या डोळ्यांसमोर आणला. ताटली दिसेनाशी झाली, नुसती रेघ राहिली. "आता आपण काठाकडून बघून राहिलो. ताटली तिथंच हाय. पुढच्या सालापासून उघडत जाईल, पार परातीएवढं व्हायला सहा-सात वर्षं लागतील." काकू पलीकडेच होती. ती म्हणाली, "म्हणजे लपलंय, गेलं नाही." तुम्ही म्हणालात, "काकूला बराबर समजलं."

मलाही समजलं होतं. तरी मी माणसं बोलावली. वाटलं, थोडंफार तरी दिसेल, आणि एवढ्या जणांना सांगून ठेवलेलं मागं कसं घ्यायचं. एवढंच असतं तर मूर्खपणा म्हणून भागलं असतं.

किसनराव ज्वारीचं दाणं म्हणाले तेव्हा मला ताटली आठवली. आत्ता, पत्र लिहिताना नाही. तेव्हाच, परसात, तुम्ही यायच्या आधी. मला सांगता आलं असतं, अरे हसू नका, यंदा काठाकडून दिसतंय, मला प्रज्ञेशनं सांगितलं होतं. पण मग किसनराव म्हणाले असते, माहीत होतं तर बोलावलं कशाला. चाळीस वर्षं मी ह्या गावाला शनी सांगत आलो आणि मलाच त्याची खबर नाही, एका पोरानं सांगितली ती ऐकली नाही, असं झालं असतं. मला ते सहन होईना. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि तुम्ही आलात, आणि मला माझ्या ऐवजी कोणीतरी मिळालं.

काच तीच आहे हे मला ठाऊक होतं. टवका बघायला वाकलो तेही सोंग. खात्री पटली असं लिहिलं, पण शंका कधी आलीच नव्हती.

आणि मला ताटलीची आठवण करून द्यायला तुम्हाला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही ते बोलला नाहीत. बोलला असतात तर माणसांसमोर मी खोटा ठरलो असतो. मला वाचवायला तुम्ही गप्प राहिलात की किळस येऊन, हे मी विचारणार नाही.

काकूला हे पत्र वाचून दाखवलं. तिनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाली, "पाकिटात घालून काय होतं? ज्यांच्यासमोर बोललात त्यांना कुठं पत्र येतं?"

राधाकृष्ण


हट्टा
२३ फेब्रुवारी

डॉ. प्रज्ञेश यांस,

परवाच्या शनिवारी मी त्याच माणसांना पुन्हा बोलावलं. घरोघर जाऊन. काय म्हणून ते सांगितलं नाही, शनी बघायचा आहे एवढंच म्हणालो. किसनराव म्हणाले, "परत दाणंच दाखवता का महाराज?" पण आले. तुमच्या आईंना बोलवायला काकू गेली. मी जाणार होतो, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही होतो.

शनी आता दिवस मावळताना पश्चिमेला खाली असतो, चिंचेच्या झाडाच्या जरा वर. अजून उजेड होता. काकू दुर्बीण लावत होती तेवढ्यात मी बोलायला लागलो, नाहीतर बोललो नसतो. लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. मी सांगितलं की काच कधीच बदललेली नव्हती. सांगितलं की कडं काठाकडून येणार हे डॉक्टरांनी मला दिवाळीत ताटली धरून दाखवलं होतं आणि माणसं बोलावू नका असंही म्हणाले होते. सांगितलं की मला हे त्या दिवशी बोलताना ठाऊक होतं. माझं हसं होऊ नये म्हणून मी त्यांना चोर केलं. आणि तुम्हा लोकांच्या असं जे बोललो तेही पुन्हा, जसंच्या तसं, म्हणून दाखवलं. ते सगळ्यात अवघड गेलं. त्या दिवशी ते किती सहज निघालं होतं.

मला वाटलं होतं, माणसं थुंकतील. कोणी काही केलं नाही. किसनराव तंबाखू मळत होते. म्हणाले, "महाराज, त्येवढं आमाला तवाच म्हाईत व्हतं."

मी विचारलं, "काय माहीत होतं?"

"डॉक्टर काहून काच इकंल? माझी म्हैस त्येनं दोनदा वाचिवली, पान्याचा घोट घेतला न्हाई. त्यो तसला मानूस न्हाई, हे काय सांगाय लागतं?"

"मग तेव्हा कोणी बोललं का नाही?"

किसनराव म्हणाले, "तुमचा मान ठिवला."

तुमच्या आई दुर्बिणीच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मान ठिवला म्हनं. माझ्या लेकराचा काढला आन ह्येंचा ठिवला. आन किसनराव, दवाखान्यातल्या औषधाचं पैल्यांदा कोनाच्या दुकानात निघालं, ते बी बोला की आता. सगळे हायेतच."

किसनरावांचा हात थांबला. चुळबुळ झाली आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघितलं. एवढं झालं. यापेक्षा जास्त झालं असं मी लिहिणार नाही.

मग काकू म्हणाली, लागला. माणसं बघायला लागली. ह्या वेळी कोणी हसलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर मी झाकण ठेवायला पुढं झालो, तशा जनकाबाई म्हणाल्या, "तुमी न्हाई बघत?"

मी म्हणालो, "मला मोतीबिंदू."

"मोतीबिंदू तं काढून आनला व्हता न तुमी नांदेडहून. माझा प्रज्ञेशच गाडीत बसवून घेऊन गेला व्हता, अनिरुद्धला सुट्टी न्हाई म्हनून." मग म्हणाल्या, "त्येला म्हाईत हाय, तुमी काहून डोळा लावत न्हाई. घरी येऊन सांगायचा. म्हनायचा, काका सगळ्यांना दाखवतेत, आपुन लावत न्हाईत."

तर तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं. डोळा लावायच्या त्या नळीला तुमचा डोळा लागलेला असायचा, पापणीचा घाम लागलेला असायचा, आणि मी मोतीबिंदू म्हणायचो. ऑपरेशन झाल्यावरही म्हणायचो, आणि ऑपरेशनला घेऊन गेलेला माणूस शेजारी उभा राहून ऐकायचा. ह्याबद्दल मी कोणत्याच पत्रात लिहिलं नव्हतं. लिहायचं ठरवलंही नव्हतं. माझी समजूत होती की हे एक तरी माझं माझ्याकडे राहील.

मी डोळा लावला. आधी काळंच दिसलं. काकू म्हणाली, श्वास धरू नका. मग दिसला. लहान आहे, फिकट, आणि थरथरत होता, तुम्ही म्हणायचात तसाच. दाण्यात सुई आरपार घातल्यासारखी रेघ होती. एकदा हवा थांबली असेल, तेव्हा रेघ दोन्ही बाजूंना स्वच्छ बाहेर आलेली दिसली. म्हणजे उघडायला लागलं आहे. चाळीस वर्षं ज्याची भीती मी लोकांना घातली तो मी पहिल्यांदा बघितला. फार वेळ बघितलं. मागं माणसं उभी होती, मला बाजूला व्हावंसं वाटेना.

परसाचं मागचं दार काकूनं काल कुलूप घालून बंद केलं. ते दार मी तुमच्या सोयीसाठी भिंतीत पाडून घेतलं असं सगळ्यांना सांगायचो. परसात जाताना तुम्ही घरातून जाऊ नये म्हणून पाडलं होतं. काकूनं किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली आहे आणि म्हणते, येईल तो पुढच्या दारानं, माजघरातून येईल, नाहीतर येऊ नये, मी त्याला दोष देणार नाही. मीही देणार नाही. हे तुम्हाला बोलावण्यासाठी लिहीत नाही. खरं म्हणजे त्यासाठीच लिहितो आहे, पण तसा माझा हक्क नाही हे मला कळतं.

शनी थोड्याच दिवसांत सूर्याच्या उजेडात बुडेल. मग पावसाळ्यानंतर संध्याकाळी पुन्हा दिसायला लागेल, जरा उघडलेला. परातीएवढा व्हायला सहा-सात वर्षं. तोवर मी नसेन बहुतेक. काकू असेल, दुर्बीण असेल, आणि तिला फोटो काढता येत नाहीत.

हे पत्र जनकाबाईंना दाखवून मग टाकतो आहे, त्यातलं त्यांच्या तोंडचं बरोबर आहे का विचारून. त्यांनी एक शब्द बदलायला लावला. मी "ओरडल्या" लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, मी वरडले न्हाई. खरंच ओरडल्या नव्हत्या.

आता माझ्याकडे लपवलेलं काही उरलं आहे असं वाटत नाही. तुम्ही म्हणाला होता, बघू कुठवर येतात. इथवर आलो आहे. हे पुरे आहे की अजून पुढं जायचं आहे, एवढंच कळवा. आईंना फोनवर सांगितलं तरी चालेल, त्या मला गिरणीवर सांगतील. शिवी असली तरी तीही लवकर येऊ द्या. शनी बुडायच्या आत आली तर बरं होईल. रोज संध्याकाळी मी झाकण काढून बघतो आणि दव पडायच्या आत परत ठेवतो.

राधाकृष्ण